मुंबई जवळ, भामरागड दूर

मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर. ताशी 800 किलोमीटर वेग धरला तर विमान 50 मिनिटांत पोहोचायला हवे. तिकिटावर मात्र साधारण दीड तास लिहिलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, खाली उतरणे, रांगेत थांबणे, हे सारे त्यात धरलेले असते.

खरा प्रवास नागपूरनंतर सुरू होतो.

नागपूरहून गडचिरोली जिल्ह्यातले भामरागड सरळ रेषेत 245 किलोमीटरच्या आसपास आहे. पण गडचिरोली, आलापल्लीमार्गे जाणारा रस्ता साडेतीनशेच्या घरात जातो. मुंबईहून नागपूरला येण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ या निम्म्या अंतराला लागतो. पावसाळ्यात तर घड्याळही कामाचे नाही. पर्लकोटा नदी फुगली, पुलावर पाणी चढले, की गाड्या काठावरच उभ्या राहतात आणि पलीकडचे गाव नुसते दिसत राहते.

ताशी 220 किलोमीटर वेगाचे हेलिकॉप्टर नागपूर ते भामरागड हे सरळ रेषेतले अंतर सव्वा तासाच्या आत कापते. म्हणूनच गडचिरोलीच्या दुर्गम भागात मतदान पथके आणि गंभीर रुग्ण हेलिकॉप्टरने नेले जातात. बाळंतपणासाठी अडलेल्या बाईला किलोमीटर नव्हे, तास मोजावे लागतात.