ओठांवरची इंग्रजी

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिथूनच नई तालीम देशभर गेली. मातृभाषा आणि हस्तोद्योग यांवर उभ्या असलेल्या त्या अभ्यासक्रमात इंग्रजी नव्हती. २००० साली राज्यातल्या मराठी शाळांत ती पहिलीपासून आली. पण त्याच वर्धा जिल्ह्यात, देवळी-आर्वीकडच्या खेड्यात मुलाच्या कानावर बोललेली इंग्रजी फारशी पडत नाही. मग बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन करून मोबाइलवर उघडणारे व्हिडिओ मोठा आधार ठरतात. पण ॲनिमेशन निवडताना पात्राचे तोंड नीट बघायला हवे.

कारण आपण डोळ्यांनीही ऐकतो. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये हे दाखवून दिले. आवाज ‘बा’चा आणि ओठांची हालचाल ‘गा’ची, असे चित्रण पाहणाऱ्या बहुतेक प्रौढांना ‘दा’ ऐकू आले!

आता ‘वेस्ट’ घ्या. बनियन या अर्थाच्या शब्दात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. पश्चिम या अर्थाच्या शब्दात ओठांचा चंबू होतो, दात लागतच नाहीत. मराठीत दोन्हींना एकच ‘व’, त्यामुळे मुलाच्या कानाला फरक जाणवत नाही. डोळ्यांना मात्र तो स्वच्छ दिसतो. स्वस्तात काढलेल्या कार्टूनमध्ये तोंड नुसते उघडते आणि मिटते. गाणी गोड, रंग सुरेख, पण हा फरक तिथे पुसला जातो, आणि याचे मला फार वाईट वाटते.

कॅलिफोर्नियातल्या डॉमिनिक मसारो यांच्या ‘बाल्डी’ या संगणकीय चेहऱ्याचे ओठ आवाजाबरहुकूम हलतात. त्याचे गाल पारदर्शक करून आतली जीभही दाखवता येते. त्याच्यासोबत सराव केलेल्या जपानी विद्यार्थ्यांचे इंग्रजी ‘र’ आणि ‘ल’ सुधारले. जीभ दाखवल्याने मात्र वेगळा फायदा आढळला नाही. बाहेरून दिसणारा, नीट हलणारा चेहरा पुरेसा ठरला. असा चेहरा तर वर्गातल्या बाईंनाही आहे. ॲनिमेशनची जमेची बाजू एवढीच, की ते थांबवता येते, सावकाश करता येते आणि न थकता पुन्हा दाखवता येते.

हे थांबवणे फार महत्त्वाचे. बार्बरा ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ॲनिमेशनवरचे प्रयोग तपासले, तेव्हा ॲनिमेशन स्थिर चित्रांपेक्षा सरस ठरल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. दृश्य समजायच्या आत पुढे सरकते, हे त्यामागचे एक कारण. म्हणून ‘वेस्ट’ म्हणून झाले की व्हिडिओ तिथेच थांबवावा, मुलांना एकमेकांच्या ओठांकडे बघत तो शब्द म्हणू द्यावा आणि बाईंनी कान देऊन ऐकावे.