परदेशस्थ नोकरदारांमधील कार्य-कुटुंब संघर्ष व बर्नआउट : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पोटासाठी घराबाहेर पडणे सातारा व सांगली जिल्ह्यांना नवे नाही. कृष्णाकाठचा ऊसपट्टा वगळता माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत केवळ शेतीवर कुटुंब निभावणे पिढ्यान्पिढ्या कठीण राहिले. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर ‘मिलिटरी’ या उपपदानेच ओळखले जाते. पाटण-जावळीचा माणूस मुंबईच्या गिरणीत आणि माथाडी कामात गेला. खानापूर-आटपाडीचा गलाई कारागीर देशभरच्या सराफपेठांत पोचला. सांगलीचे वालचंद महाविद्यालय (१९४७) व कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) यांसारख्या संस्थांमुळे या वाटेला परदेशाचा फाटा फुटला. अभियंता अमेरिकेत वा युरोपात जातो, तंत्रज्ञ आखातात जातो. या नोकरदारांच्या मनःस्थितीचा अभ्यास करताना जी परिमाणे आपण वापरतो, ती कोणत्या कुटुंबाला धरून बनली आहेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संकल्पना

कार्य-कुटुंब संघर्षाची सर्वाधिक उद्धृत होणारी मांडणी ग्रीनहाउस व ब्यूटेल यांनी १९८५ मध्ये केली. नोकरीच्या व कुटुंबाच्या भूमिकांचे ताण परस्परांशी जुळेनासे होतात तेव्हा हा संघर्ष उद्भवतो. वेळेमुळे, मानसिक ताणामुळे आणि वर्तनाच्या विसंगतीमुळे असे त्याचे तीन प्रकार त्यांनी सांगितले. बर्नआउट ही संज्ञा फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये मानसशास्त्रात रूढ केली. पुढे मॅस्लॅक व जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तिचे मापन सिद्ध केले. भावनिक थकवा, माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना, ही तिची तीन अंगे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून आहे, हे विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत वारंवार विसरले जाते.

घर कोणते?

परदेशस्थ कर्मचाऱ्यांवरील आरंभीचे संशोधन प्रामुख्याने कंपनीने पाठविलेल्या अधिकाऱ्यांवर झाले. ब्लॅक व स्टीफन्स (१९८९) तसेच शॅफर व हॅरिसन (१९९८) यांच्या अभ्यासांत जोडीदाराचे परक्या देशात रुळणे हा घटक निर्णायक ठरला. या मांडणीत कुटुंब म्हणजे सोबत आलेली पत्नी वा पती आणि मुले. वाळवा किंवा कोरेगाव तालुक्यातून गेलेल्या नोकरदाराला ‘कामामुळे कुटुंबाकडे दुर्लक्ष होते का?’ असे विचारले, तर तो कोणत्या कुटुंबाविषयी उत्तर देईल? त्याची दोन घरे असतात. एक तिकडचे, भाड्याचे. दुसरे गावाकडचे : आई-वडील, सामाईक सातबारा, सोसायटीचे कर्ज, बहिणीचे लग्न, भावकीतला बांधाचा वाद. दुसऱ्या घरातील अनुपस्थितीचा सल प्रश्नावलीत कोठेच उतरत नाही.

गिरणी कामगाराचेही असेच होते, असा आक्षेप येऊ शकतो. तो अर्धाच खरा आहे. मनीऑर्डर आणि पत्र यांच्या काळात माणूस दूर असे, तसे निर्णयही त्याच्यापासून दूर असत. पेरणी, दवाखाना, सोयरीक हे घरातली वडीलधारी माणसे व मागे राहिलेली बाई पाहत असे. (तिच्यावर पडलेल्या भाराची नोंद मात्र कोणी घेतली नाही.) मोबाईलने हे अंतर मिटविले आणि जबाबदारी वाढविली. उन्हाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे ९ वाजतात तेव्हा सांगलीत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ६.३० झालेले असतात. इकडे धारा काढून वडील फोन हाती घेतात, तिकडे मुलांना झोपवण्याची वेळ असते आणि भारतातील सहकाऱ्यांसोबतची बैठकही बहुधा त्याच सुमारास ठरते. तिन्ही मागण्या एकाच तासावर येतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी परदेशी असलेला मुलगा पाण्याचा आकडा तासातासाला फोनवर पाहू शकतो, आईला मात्र माडीवर नेऊ शकत नाही. माहिती पूर्ण आणि कृती शून्य, ही अवस्था बर्नआउटच्या तिसऱ्या अंगाला थेट खतपाणी घालते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

व्हिसाची चौकट

थकलेल्या माणसाचा साधा उपाय म्हणजे नोकरी बदलणे वा सोडणे. अमेरिकेत एच-१बी व्हिसावरील कर्मचाऱ्याची नोकरी गेली, तर २०१७ पासूनच्या नियमानुसार त्याला कमाल ६० दिवसांची मुदत मिळते. त्याच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदारांपैकी काहींना काम करण्याची मुभा मिळाली ती २०१५ मध्ये. तोवर उच्चशिक्षित पत्नीचे घरी बसणे हा कायद्याचाच परिणाम होता. आखातात प्रश्न याहून मूलभूत आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ च्या नियमाने कुटुंब आणण्यासाठी किमान ४,००० दिरहॅम, अथवा ३,००० दिरहॅम व निवास, एवढे वेतन आवश्यक ठरले. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून परकीय कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक व्यक्तीमागे दरमहा १०० रियाल शुल्क लावले. ते २०२० पर्यंत ४०० रियालांवर नेले. अल्प वेतनाच्या वायरमनला वा वेल्डरला म्हणूनच कुटुंब गावी ठेवावे लागते. त्याच्या बाबतीत संघर्ष ‘वेळेमुळे’ आहे असे नोंदविणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण वस्तुतः दिशाभूल करणारे ठरेल.

संशोधकांसाठी सूचना

आपल्या महाविद्यालयांत वाणिज्य, व्यवस्थापन व समाजशास्त्र विभागांतून या विषयावर प्रकल्प होऊ शकतात. प्रमाणित प्रश्नावली वापरू नये असे नाही. तिच्या जोडीला स्थानिक प्रश्न हवेत. गावाकडील कोणते निर्णय आपणास विचारून होतात? रजा गणपतीला मागता, जत्रेला, की वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवता? घराचे हप्ते किती वर्षे बाकी आहेत? नोकरी सोडावीशी वाटली तेव्हा घरी कोणाला सांगितले? शेवटचा प्रश्न गावी राहिलेल्या पत्नीला व आई-वडिलांनाही स्वतंत्रपणे, एकमेकांसमोर नव्हे, विचारावा : त्याने तुम्हाला सांगितले होते का?