गरम झाली की बंद पडते, म्हणजे कॉइल गेली?

मे महिन्यात दुपारी लष्करहून मुरारला निघालेली जुनी मारुती 800 पडावच्या पुलावर अचानक बंद पडते. सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण पकडत नाही. अर्धा तास उभी ठेवली की पहिल्या चावीत सुरू होते. गॅरेजमध्ये नेली तर तिथे ती सुरळीत चालते, मिस्त्री अंदाजाने एखादा पार्ट बदलतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. ग्वाल्हेरात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा ही तक्रार फार ऐकू येते, आणि तिच्याभोवती समजुतीही पुष्कळ जमल्या आहेत. त्यांतल्या काहींपायी लोकांचे हजारो रुपये वाया जातात.

सर्वांत पक्की समजूत अशी, की उन्हात बंद पडली म्हणजे पेट्रोलची वाफ झाली. मग पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळले जाते. हे अगदीच निराधार नाही. पेट्रोलमधले हलके घटक 35-40 अंशांपासूनच उकळू लागतात, आणि कार्बोरेटरच्या मारुतीत पेट्रोल पंप इंजिनलाच जोडलेला असतो. पण पेट्रोल तुटते तेव्हा गाडी आधी झटके देते, ओढ कमी होते, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग चढत नाही. इग्निशन तुटते ते बटण बंद केल्यासारखे, एका क्षणात. चालवणाऱ्याला हा फरक नीट आठवत असेल तर निम्मे निदान तिथेच होते. खात्री करायची तर गाडी बंद पडलेली असतानाच प्लगला ठिणगी येते का ते पाहावे. फडके गुंडाळून वाट पाहिली की इंजिनसोबत कॉइलही थंड होते आणि गुण फडक्याला मिळतो.

ठिणगी पाहण्याची पद्धतही सुधारायला हवी. वायर हातात धरून बॉडीजवळ नेण्याची सवय अनेक मिस्त्र्यांना असते. त्या वायरीत 20 हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, शेजारी कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ असते, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत वायर मोकळी सोडून सेल्फ मारला तर मॉड्यूल जळू शकते. एक जादा प्लग वायरीत घालून, त्याचे धातूचे अंग क्लिपने इंजिनला पक्के अर्थ करून, कार्बोरेटरपासून दूर ठेवून मगच सेल्फ मारावा. एवढे करून ठिणगी दिसली तरी इग्निशन निर्दोष ठरत नाही. उघड्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरमध्ये हवा आठ-नऊ पट दाबली गेलेली असते, तिथे तेवढ्याच फटीतून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून ठिणगी पिवळसर, अशक्त असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नये.

आता कॉइल. ठिणगी नाही म्हणजे कॉइल गेली, असे जवळजवळ सगळेच धरून चालतात. कॉइल गरम होऊन दगा देते हे खरे आहे. तांब्याचा विद्युत रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो, म्हणजे 20 अंशांवरून 90 अंशांवर गेल्यावर तो सव्वा पटीहून अधिक होतो. आतले इन्सुलेशन जुने असेल तर तापल्यावर तिथेच गळती सुरू होते. पण डिस्ट्रीब्युटरमधला पिक-अप, इग्निशन मॉड्यूल आणि जुन्या फियाट-ॲम्बेसेडरमधला कंडेन्सर हेही तापल्यावरच रुसतात आणि थंड झाल्यावर ठणठणीत होतात. लक्षण सगळ्यांचे एकच. मग कॉइल बदलल्यावर गाडी काही दिवस बरी का चालते? बदलताना वायरी हलतात, गंजलेला कनेक्टर उपसून पुन्हा दाबून बसवला जातो. दुरुस्ती होते ती त्या जोडणीची, तीही तात्पुरती. पैसे मात्र कॉइलचे जातात. नवी कॉइल घेतलीच तर तिचा रोध पाहून घ्यावा. 3 ओहमची कॉइल थेट 12 व्होल्टवर चालते, तिच्यातून 4 अँपिअर जातात. दीड ओहमची कॉइल बॅलास्ट रेझिस्टरसोबत लावायची असते. ती थेट जोडली तर 8 अँपिअर ओढते आणि पॉइंट जाळते.

माझ्या पाहण्यात दोष पुष्कळदा वायरिंगमध्येच निघतो, आणि तिथे बघायला कुणी तयार नसते, कारण ‘बॅटरी नवीन आहे, सेल्फ जोरात फिरतो, मग करंटचा प्रश्नच नाही’ अशी समजूत. सेल्फला करंट जातो तो बॅटरीकडून आलेल्या जाड केबलने. कॉइलला जातो तो बारीक वायरीने, चावीच्या स्विचमधून, फ्यूज आणि तीन-चार जोडण्या ओलांडून. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत यातली एखादी जोडणी काळवंडलेली असतेच. 3 ओहमच्या कॉइलसमोर पाऊण ओहमचा अडथळा उभा राहिला तर 12 पैकी जवळजवळ अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात. कॉइलमधला प्रवाह एक पंचमांशाने घटतो, आणि ठिणगीची ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी होते.

हे मोजायला एक साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू असताना त्याची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी कॉइलच्या प्लसवर धरावी. बॅलास्ट नसलेल्या गाडीत आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. दीड-दोन दिसला तर कॉइलला हात न लावता मागे मागे जात प्रत्येक जोडणी तपासावी. स्टिअरिंगखालचे कव्हर काढून चावीच्या स्विचचा कनेक्टर बाहेर ओढला की कित्येकदा दोष डोळ्यांनीच दिसतो: पांढऱ्या प्लॅस्टिकचा एकच कोपरा तपकिरी झालेला, त्या भोकातली वायर कडक पडलेली, टर्मिनल काळे. घरच्या, कपाटाच्या, दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा गाडीच्या चावीला लटकवण्याची सवय याला हातभार लावते. सेल्फ मारताना इंजिन पकडते आणि चावी सोडताच मरते, असे होत असेल तर संशय थेट स्विचवर किंवा बॅलास्टवर घ्यावा.

पावसाळ्यातली कुरकुर मात्र वेगळी आणि ती उन्हाळ्याच्या तक्रारीत मिसळू नये. तिथे दोषी असते डिस्ट्रीब्युटर कॅपची केसाएवढी चीर किंवा जुन्या प्लग वायरी. रात्री अंधारात, इंजिन चालू ठेवून, हात न लावता बॉनेटखाली पाहिले तर निळ्या ठिणग्या पळताना दिसतात. प्लग काळा पडला म्हणजे ठिणगी कमी, हेही अर्धसत्य आहे. कार्बोरेटर जास्त पेट्रोल देत असला तरी प्लग काळाच होतो.

गॅरेजमध्ये गाडी चालते म्हणजे आता बिघाड नाही, या समजुतीने सर्वांत जास्त नुकसान केले आहे. येत-जात राहणारा बिघाड हजर असतानाच सापडतो. तो हजर नसेल तर मिस्त्र्याने त्याला बोलावून आणायला हवे: इंजिन चालू ठेवून केसांच्या ड्रायरने एकेक भाग तापवावा, आधी मॉड्यूल, मग डिस्ट्रीब्युटर, मग कॉइल. ज्या भागापाशी इंजिन अडखळते तो दोषी. त्यानंतर चावी हलकेच हलवून पाहावी, वायरींचा जुडगा ओढून पाहावा. हे काम अर्ध्या तासाचे, पण त्यासाठी मजुरी मागायला मिस्त्री कचरतो आणि द्यायला गिऱ्हाईक. पार्टचे पैसे मात्र दोघांनाही रास्त वाटतात. निदानाची मजुरी वेगळी द्यायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

आणखी एक सल्ला ग्वाल्हेरात हमखास मिळतो: जुनी काढा, मेळ्यात नवी घ्या. 1905 पासून भरणाऱ्या इथल्या व्यापार मेळ्यात अलीकडे अनेक वर्षी वाहनाच्या रस्ता करात निम्मी सवलत मिळाली आहे, त्यामुळे मोह होणे साहजिक आहे. नवी गाडी हवी असेल तर जरूर घ्यावी. पण इंजिन, गिअर, पत्रा धडधाकट असलेली गाडी एका टर्मिनलपायी मोडीत काढू नये. मारुती 800 चे उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबले, तरी तिचे इग्निशनचे पार्ट अजून मिळतात.

पुढच्या वेळी गाडी अशी बंद पडली तर बाजूला घेऊन आधी चार गोष्टी कागदावर लिहा: झटके देत बंद पडली की एकदम, इंजिन किती वेळ चालले होते, सेल्फ मारताना पकडत होती का, आणि किती वेळाने सुरू झाली. तो कागद मिस्त्र्याच्या हातात द्या, आणि कॉइलला हात लावण्याआधी कॉइलच्या प्लसवर किती व्होल्ट येतात ते तुमच्यासमोर मोजायला सांगा.