नोंद इथे, फाइल कुठे?

जून १९९८मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘टेरासर्व्हर’ नावाचं संकेतस्थळ खुलं केलं. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने विमानातून टिपलेली छायाचित्रं आणि रशियन उपग्रहांनी घेतलेल्या प्रतिमा तिथे कुणालाही पाहता येत. गुगल मॅप्स यायला अजून जवळपास सात वर्षं होती. प्रतिमांचा साठा एक टेराबाइटहून मोठा होता, आणि त्या काळी हे प्रमाण थक्क करणारं होतं. या प्रतिमा फोल्डरमध्ये फायली म्हणून ठेवलेल्या नव्हत्या. त्या छोट्या चौकोनी तुकड्यांत कापून प्रत्येक तुकडा डेटाबेसच्या तक्त्यात एक नोंद म्हणून साठवला होता. प्रकल्पामागच्या प्रमुख संशोधकांपैकी एक होते जिम ग्रे. डेटाबेसमधले व्यवहार अर्धवट न राहता एक तर पूर्ण व्हावेत, नाही तर मुळीच होऊ नयेत, या तत्त्वावरच्या कामासाठी १९९८चं ट्युरिंग पारितोषिक त्यांनाच मिळालं.

२००६मध्ये ग्रे यांनी रसेल सीअर्स आणि कॅथरिन व्हॅन इंगेन या सहकाऱ्यांसोबत एक प्रश्न प्रत्यक्ष मोजायला घेतला. मोठ्या फायली डेटाबेसात ठेवाव्यात की फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे डिस्कवरच्या साध्या फोल्डरांत? तोवर प्रोग्रॅमर मंडळी हा निर्णय अंदाजाने किंवा सोयीने घेत. एका बाजूला एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, दुसऱ्या बाजूला विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टीम, अशी तुलना त्यांनी केली. निष्कर्ष असा: २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसात ठेवलेल्या बऱ्या, १ एमबीपेक्षा मोठ्या फाइल सिस्टीममध्ये बऱ्या. मधल्या पट्ट्यात मात्र वाचन किती, लेखन किती आणि जुनं काढून नवं ठेवणं किती, यावर उत्तर अवलंबून.

हे आकडे कशाचे, ते डोळ्यांसमोर आणू या. ऑनलाइन अर्जाला आपण जोडतो तो पासपोर्ट फोटो काही डझन केबींचा असतो. मोबाइलने काढलेला मूळ फोटो बहुधा दोन-चार एमबींचा. लग्नाचा व्हिडिओ जीबींत मोजावा लागतो. म्हणजे त्या निष्कर्षानुसार अर्जातला फोटो डेटाबेसच्या हद्दीत येतो आणि लग्नाचा व्हिडिओ निःसंशय फोल्डरच्या.

लहान फायलींना डेटाबेस का मानवतो? कारण फाइल उघडणं हे फुकटचं काम नाही. फाइलचं नाव घेतलं की ऑपरेटिंग सिस्टीमला फोल्डरांची वाट काढत तिथवर जावं लागतं, वाचायची परवानगी आहे का ते तपासावं लागतं, फाइलचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत याची माहिती आणावी लागते. त्यानंतर प्रत्यक्ष वाचन, आणि शेवटी फाइल बंद करणं. फाइल १० एमबींची असेल तर हा खटाटोप वाचनाच्या वेळापुढे नगण्य. फाइल १० केबींची असेल तर खटाटोपच जास्त. डेटाबेसची स्वतःची फाइल मात्र एकदाच उघडलेली असते, आणि आतल्या हजारो वस्तू तिच्यातूनच वाचल्या जातात. रिचर्ड हिप यांनी घडवलेला एसक्यूलाइट हा चिमुकला डेटाबेस प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतो. त्याच्या निर्मात्यांनी १० केबींच्या आसपासची लघुचित्रं घेऊन केलेल्या चाचणीत, सुट्या फायलींपेक्षा डेटाबेसातून वाचन सुमारे ३५ टक्के वेगवान झालं आणि डिस्कवर जागाही सुमारे २० टक्के कमी लागली. जागा वाचण्याचं कारण सोपं आहे. बहुतेक फाइल सिस्टीम ४ केबींच्या ठोकळ्यांत जागा देतात, त्यामुळे १० केबींची फाइल १२ केबी अडवते.

मोठ्या फायलींचं गणित उलटं फिरतं. पोस्टग्रेस हा लोकप्रिय डेटाबेस ८ केबींच्या पानांवर चालतो. एका पानात न मावणारी वस्तू तो सुमारे दोन हजार बाइटांच्या तुकड्यांत चिरून वेगळ्या तक्त्यात ठेवतो. १० एमबींच्या एका फोटोचे पाच हजारांहून अधिक तुकडे होतात, प्रत्येकाची नोंद वेगळी. शिवाय वीज गेली तरी काम अर्धवट राहू नये म्हणून डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो आणि मग जागेवर. म्हणजे तोच फोटो दोनदा लिहिला जातो. दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवली असेल तर तो लॉग तिकडेही जातो. वाचतानाही, फाइल सिस्टीममधली फाइल वेब सर्व्हर जवळपास थेट नेटवर्कवर सोडू शकतो. डेटाबेसातली वस्तू आधी तुकडे जोडून, मग प्रोग्रॅमच्या मेमरीतून फिरून बाहेर पडते. त्या फेऱ्यात रोज लागणाऱ्या छोट्या नोंदी मेमरीतून बाहेर ढकलल्या गेल्या, तर बाकीचं सगळं कामही मंदावतं.

ग्रे यांच्या शोधनिबंधातला सर्वांत मोलाचा भाग मात्र २५६ केबी आणि १ एमबी या दोन मर्यादांपेक्षा वेगळा आहे. कोऱ्या डिस्कवर घेतलेली चाचणी फसवते, हे त्यांनी दाखवून दिलं. कोऱ्या डिस्कवर प्रत्येक वस्तूला सलग जागा मिळते आणि सगळंच चटपटीत वाटतं. मग वापर सुरू होतो. लोक फोटो बदलतात, कागदपत्रं पुन्हा चढवतात, जुनी काढून टाकतात. मध्ये मध्ये भोकं पडतात, आणि नवी वस्तू त्या भोकांत तुकड्यातुकड्यांनी बसवावी लागते. हार्ड डिस्कवर प्रत्येक तुकड्यासाठी वाचणारी सुई नव्या जागी न्यावी लागते आणि दर हालचालीला काही मिलिसेकंद खर्च होतात. संशोधकांनी साठ्याचं हे म्हातारपण दिवसांत मोजलं नाही. प्रत्येक वस्तू सरासरी किती वेळा बदलली गेली, त्यावरून त्यांनी साठ्याचं वय ठरवलं. कोऱ्या साठ्यावर डेटाबेसची आघाडी १ एमबीच्या आसपासपर्यंत टिकत होती. काही वेळा सगळं बदलून झाल्यावर ती २५६ केबींच्या दिशेने घसरली. मोठ्या वस्तूंच्या बाबतीत डेटाबेसातले तुकडे वाढतच राहिले, तर फाइल सिस्टीममधली तुकड्यांची वाढ पुढे पुढे मंदावली. आजही कित्येक प्रणाली नव्याकोऱ्या सर्व्हरवर तपासून ‘चालते’ असा शेरा मारून सुरू केल्या जातात. साठ्याला वय असतं हे त्या शेऱ्यात कुठेच नसतं, म्हणून हा निबंध मला अजूनही वाचण्याजोगा वाटतो.

आता सर्व्हरांत एसएसडी आले आहेत. त्यांत फिरणारी तबकडी नाही आणि सुईही नाही, त्यामुळे तुकड्यांचा जाच बराच कमी झाला आहे. पण फाइल उघडण्याचा खर्च आणि दोनदा लिहिण्याचा खर्च, हे दोन्ही तसेच आहेत. २५६ केबी हा आकडा म्हणून पाठ करायचा नसतो. आपल्या यंत्रावर, आपल्या फायलींवर तो पुन्हा मोजायचा असतो.

फेसबुकला हा प्रश्न वेगळ्याच आकारात भेटला. २०१०मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, त्यांच्याकडे तेव्हा २६ हजार कोटींहून अधिक प्रतिमा होत्या आणि त्यांनी २० पेटाबाइटहून अधिक जागा व्यापली होती. भागाकार केला तर एक प्रतिमा सरासरी ७५-८० केबींची भरते. म्हणजे फाइल सिस्टीमला नकोशा वाटणाऱ्या आकाराचीच. सुरुवातीला त्यांनी प्रत्येक प्रतिमा वेगळी फाइल म्हणून ठेवली होती. एका फोल्डरात हजारो फायली असताना एक फोटो वाचायला डिस्कवर दहाहून जास्त खेपा पडत. फोल्डर लहान केल्यावरही तीन खेपा उरल्याच. शेवटी त्यांनी ‘हेस्टॅक’ ही प्रणाली बांधली. सुमारे १०० जीबींची एक अवाढव्य फाइल, तिच्यात लाखो फोटो एकापुढे एक, आणि कोणता फोटो कुठे सुरू होतो याची यादी सगळीच्या सगळी मेमरीत. मग एका फोटोला डिस्कवर एकच खेप पुरते. याला धड डेटाबेस म्हणता येत नाही आणि नेहमीची फाइल सिस्टीमही म्हणता येत नाही. दोघांतलं हवं तेवढंच उचललेलं आहे.

वेगाबद्दल इतकं लिहिलं, तरी माझ्या मते निवड वेगावर करू नये. समजा विद्यार्थ्याच्या अर्जाची नोंद डेटाबेसात आहे आणि जातीच्या दाखल्याची पीडीएफ फोल्डरात. रजिस्टर एका खोलीत आणि कागद दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवावेत, तसंच हे. नोंद झाली आणि फाइल लिहिण्याआधी सर्व्हर बंद पडला, तर रजिस्टर म्हणतं दाखला आहे, आणि कपाटात काहीच नाही. त्या मुलाचा प्रवेश त्या कागदावर अडलेला असू शकतो. दोन्ही डेटाबेसात असती तर एक तर दोन्ही नोंदली गेली असती, नाही तर एकही नाही, आणि मुलाला तिथल्या तिथे ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश मिळाला असता. म्हणून जिथे कागदपत्रं लहान आहेत, संख्या आवाक्यातली आहे आणि कागद हरवणं परवडणारं नाही, तिथे ती सरळ डेटाबेसात ठेवावीत, असं मी म्हणेन. थोडा वेग गेला तरी चालेल. मोठ्या फायलींसाठी मधला मार्गही आहे: एसक्यूएल सर्व्हरने २००८च्या आवृत्तीत ‘फाइलस्ट्रीम’ ही सोय आणली. फाइल राहते फाइल सिस्टीममध्येच, पण तिच्यावर व्यवहाराचा पहारा डेटाबेसचा. सरासरी १ एमबीपेक्षा मोठ्या वस्तूंसाठी ती वापरावी, असं मायक्रोसॉफ्टचं मार्गदर्शन सांगतं.

फायली बाहेरच ठेवायच्या असतील, आणि व्हिडिओ, एक्स-रे, नकाशे यांच्या बाबतीत त्या ठेवाव्याच लागतात, तर क्रम सांभाळला की निम्मा धोका टळतो. आधी फाइल तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहायची, ती खरोखर डिस्कवर उतरली याची खात्री करून तिला कायमचं नाव द्यायचं, आणि मगच डेटाबेसात नोंद करायची. काढताना उलट: आधी नोंद काढायची, फाइल नंतर. असं केलं तर मध्येच काही बिघडल्यास फार तर एखादी बिनवारशी फाइल जागा अडवून राहील. फाइल नसताना ती असल्याची नोंद कधीच होणार नाही. आहे त्या फाइलवर नवी फाइल कधी लिहायची नाही, प्रत्येक आवृत्तीला वेगळं नाव द्यायचं. नोंदीत फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला एसएचए-२५६ ठसाही जपून ठेवायचा, म्हणजे कपाटातला कागद तोच आहे का, हे केव्हाही ताडून पाहता येतं.

बॅकअपलाही क्रम असतो. आधी डेटाबेसचा घ्यायचा, मग फायलींचा. बॅकअपमधल्या प्रत्येक नोंदीची फाइल नोंदीच्या आधीच लिहिलेली असते, त्यामुळे मागाहून घेतलेल्या फायलींच्या बॅकअपमध्ये ती सापडतेच. अट एकच: नोंद काढल्यावर तिची फाइल लगेच पुसायची नाही. ज्या डेटाबेस-बॅकअपमध्ये तिचा उल्लेख आहे, त्याच्या जोडीचा फायलींचा बॅकअप पूर्ण होईपर्यंत तिला जागेवरच राहू द्यायचं.