सातबारा उतरताना

श्रीवर्धन तालुक्यातलं बोर्ली पंचतन हे आसपासच्या गावांचं बाजाराचं ठिकाण. दिवेआगर, भरडखोल, दिघी या बाजूची माणसं किराणा-औषधापासून बँकेच्या कामापर्यंत इथेच येतात. पट्टा नारळी-पोफळीच्या वाड्यांचा, आणि वाडी म्हटली की सातबारा आलाच. कोकणातला सातबारा क्षेत्राने आखूड आणि नावांनी लांब. चार-पाच गुंठ्यांच्या वाडीला भोगवटादार म्हणून आजोबांच्या सगळ्या शाखा लागलेल्या, त्यातल्या निम्म्या मुंबईत, काही आखातात. पीककर्ज असो, वारसनोंद असो, की ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने पोफळी आडव्या केल्यानंतरची नुकसानभरपाई असो, हा कागद हवाच.

पूर्वी त्यासाठी तलाठ्याच्या सजावर खेपा घालाव्या लागत. १ मे २०१८ ला राज्य सरकारने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणला. १५ रुपये ऑनलाइन भरायचे, गट नंबर टाकायचा, बटण दाबायचं. तलाठ्याची (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) शाईची सही आणि शिक्का लागत नाही. मालाडला राहणारा पुतण्या आणि बोर्लीच्या बाजारातला सेवा केंद्रवाला, दोघांनाही तोच उतारा त्याच क्षणी मिळू शकतो.

मिळू ‘शकतो’ म्हणालो, कारण पैसे भरल्यानंतरच्या त्या शेवटच्या बटणाकडे प्रोग्रॅम लिहिणारे सहसा फारसं लक्ष देत नाहीत. लॉगिन, पेमेंट, डेटाबेस यांवर महिनोन्महिने खल होतो आणि डाऊनलोड शेवटच्या दिवशी कुठून तरी दहा ओळी उचलून उरकलं जातं. त्या दहा ओळींत किती काय दडलेलं असतं, ते पाहण्यासारखं आहे. संकेतस्थळ कुठल्याही भाषेत लिहिलेलं असो, ब्राउझरशी बोलण्याचा एचटीटीपी हा शिरस्ता सगळ्यांना एकच. इथे जावाचं उदाहरण घेतो, कारण बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांच्या मागच्या यंत्रणांत जावा ठासून भरलेली आहे, आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचे निम्मे प्रोजेक्ट आजही तिच्यातच होतात.

जावात हे काम करणाऱ्या तुकड्याला सर्व्हलेट म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना पावनी दिवाणजी यांनी त्याचं स्पेसिफिकेशन तयार केलं आणि जून १९९७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती पक्की झाली. सर्व्हलेट चालवायला एक सांभाळणारा लागतो. सनने १९९९ मध्ये अपाचे संस्थेला देऊन टाकलेला टॉमकॅट हा त्यातला सर्वांत ओळखीचा. पुढे सनला विकत घेतलेल्या ओरॅकलने हा सगळा संसार एक्लिप्स फाउंडेशनच्या हवाली केला आणि २०२० मध्ये ‘जावाएक्स’ने सुरू होणारी पॅकेजची नावं ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली. जुना कोड टॉमकॅट १० वर चढवला की पहिल्याच ओळीला अडखळतो तो याच पायी. बाकी डाऊनलोडची रीत पंचवीस वर्षांपूर्वी होती तीच आहे.

नवशिक्याची पहिली चूक ठरलेली असते. तो सर्व्हलेटमध्ये फाइल उघडतो आणि तिची प्रत सरळ सी ड्राइव्हच्या डाऊनलोड फोल्डरमध्ये लिहितो. चालवून पाहतो, फाइल तिथे हजर! चालतंच, कारण त्याच्या टेबलावर सर्व्हर आणि ब्राउझर एकाच संगणकात नांदत असतात. तोच प्रोग्रॅम पुण्या-मुंबईच्या सर्व्हरवर गेला की फाइल त्या सर्व्हरच्याच डिस्कवर पडते आणि बोर्लीतल्या माणसापुढे कोरा पडदा राहतो. समोरच्याच्या संगणकावर सर्व्हरला काहीही ठेवता येत नाही. ठेवता येत असतं तर इंटरनेट कुणी वापरलंच नसतं. सर्व्हरच्या हातात एवढंच असतं की विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात बाइट पाठवायचे आणि त्यांच्या आधी चार ओळींत सांगायचं की हे काय आहे. ठेवायचं कुठे, उघडायचं की नाही, हे ब्राउझर आणि माणूस ठरवतात.

त्या आधीच्या ओळी म्हणजे हेडर. कंटेंट-टाइप सांगतो की ही पीडीएफ आहे. कंटेंट-लेंग्थ बाइटांची संख्या सांगतो. ती सांगितली नाही तरी फाइल येते, पण किती टक्के उतरली ते ब्राउझरला दाखवता येत नाही, नुसतं चक्र फिरत राहतं, आणि चक्र फिरताना पाहून माणूस बटण पुन्हा दाबतो. ही संख्या आधी जावाच्या साध्या पूर्णांकात बसवावी लागे, म्हणजे दोन जीबीच्या वर गेलं की गणित कोसळे. २०१३ च्या सर्व्हलेट ३.१ पासून मोठा पूर्णांक घेणारी वेगळी मेथड आली. आणि तिसरा हेडर कंटेंट-डिस्पोझिशन. मूळचा ई-मेलचा. पत्राला जोडलेला कागद पत्रातच दाखवायचा की वेगळा ठेवायचा, हे सांगण्यासाठी १९९५ मध्ये तो निघाला आणि वेबने उसना घेतला. ‘इनलाइन’ लिहिलं तर ब्राउझर पीडीएफ तिथेच उघडतो, ‘अटॅचमेंट’ लिहिलं तर उतरवून घेतो. पुढे फाइलनेम लिहून नावही सुचवता येतं.

या नावापाशी बोर्ली पंचतनची खरी परीक्षा आहे. हेडरची परंपरा इंग्रजी आणि पश्चिम युरोपच्या अक्षरांची. त्यात देवनागरी जशीच्या तशी घातली तर पलीकडे प्रश्नचिन्हांची रांग किंवा भलतीच चिन्हं पोहोचतात. गावाच्या नावात मधे मोकळी जागाही आहे. नाव अवतरणचिन्हांत ठेवायला विसरलं तर काही ब्राउझर पहिल्या मोकळ्या जागेपाशी थांबत आणि फाइलचं नाव नुसतं ‘बोर्ली’ होई. मागचं ‘डॉट पीडीएफ’ही त्यासोबत जाई. मग ती फाइल डबल-क्लिक केली तर विंडोज विचारतं, ही कशाने उघडू?

उपाय २०१० आणि २०११ च्या दोन आरएफसींत, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजांत, लिहून ठेवलेला आहे. फाइलनेम दोनदा द्यायचं. एकदा साध्या रोमन अक्षरांत, जुन्या ब्राउझरसाठी. दुसऱ्यांदा फाइलनेमपुढे तारांकन देऊन, यूटीएफ-८ मध्ये, प्रत्येक बाइटचं टक्केचिन्हासह रूपांतर करून. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि टक्केचिन्हाच्या लिपीत प्रत्येक बाइट तीन जागा घेतो. म्हणजे चिन्हामागे नऊ. आता मोजा: ब, ओकार, र, हलन्त, ल, दीर्घ वेलांटी ही ‘बोर्ली’ची सहा चिन्हं. प, अनुस्वार, च, त, न ही ‘पंचतन’ची पाच. अकरा नवे नव्व्याण्णव, अधिक मोकळ्या जागेच्या तीन. वाचताना सहा अक्षरी वाटावं असं गावाचं नाव हेडरमध्ये १०२ जागा अडवतं. ब्राउझर ते उलगडून फाइलवर शुद्ध मराठीत ‘बोर्ली पंचतन’ उमटवतो.

इथे जावाचा एक जुना खोडसाळपणा आहे. हे रूपांतर करायला बहुतेक जण यूआरएल-एन्कोडर नावाचा क्लास वापरतात. तो मुळात वेब-फॉर्मसाठी केलेला, त्यामुळे मोकळ्या जागेचं तो अधिक-चिन्ह करतो. हेडर वाचणारा ब्राउझर त्या अधिकाला अधिकच समजतो आणि फाइल उतरते ती ‘बोर्ली+पंचतन’ नावाने. एका ओळीत ते अधिक-चिन्ह बदलून टक्केचिन्ह-वीस करायचं, की प्रश्न मिटला. किती मराठी नावांच्या फाइलींत असे अधिक टाचलेले दिसतात, आपापल्या फोनमध्ये पाहा.

हेडर झाले की बाइट. सगळ्यांत सोपं म्हणजे अख्खी फाइल मेमरीत वाचून एका दमात सोडणं. सातबारा लहान असतो, त्यामुळे खपून जातं. पण त्याच संकेतस्थळावर जुन्या फेरफारांच्या किंवा नकाशांच्या स्कॅन केलेल्या ४० एमबीच्या फाइली ठेवल्या आणि १०० जणांनी एकदम मागितल्या, तर चार जीबी मेमरी गेली आणि सर्व्हर ‘जावा हीप स्पेस’ म्हणून आडवा. त्याऐवजी आठ केबीचा एक बफर घ्यायचा: फाइलमधून भरायचा, आउटपुटस्ट्रीममध्ये ओतायचा, पुन्हा भरायचा. पोफळीच्या वाडीतल्या रहाटाची गाडगी जशी भरून येत, पन्हळीत रिकामी होत आणि परत विहिरीत जात, तसं. विहीर केवढीही असो, गाडगं तेवढंच. शंभर जणांना मिळून एक एमबीसुद्धा मेमरी लागत नाही. पूर्वी हा लूप हाताने लिहायचा आणि हटकून एक चूक व्हायची: शेवटचा बफर अर्धाच भरलेला असताना अख्खा ओतायचा आणि फाइलच्या शेपटीला आधीच्या फेरीतले बाइट चिकटायचे. जावा ७ मध्ये ‘फाइल्स-डॉट-कॉपी’ आलं आणि जावा ९ मध्ये इनपुटस्ट्रीमलाच ‘ट्रान्सफर-टू’ मिळालं. आता तो लूप कुणी हाताने लिहीत असेल तर त्याला हौसच म्हणायची.

एवढं सगळं नीट केलं तरी ते शहरातल्या ऑफिसात तपासलेलं असतं. तिथे ४० एमबी डोळ्याचं पातं लवेपर्यंत येतात. किनारपट्टीवर पावसाळ्यात वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते, आणि ३१ एमबीला डाऊनलोड तुटतं. चांगला ब्राउझर परत विचारताना ‘रेंज’ नावाचा हेडर लावतो: बाइट क्रमांक ३,२५,०५,८५६ पासून पुढचे द्या. सर्व्हरला हे समजत असेल तर तो २०० ऐवजी २०६ हा उत्तर-क्रमांक देऊन उरलेलेच बाइट पाठवतो. टॉमकॅट नुसत्या ठेवलेल्या फाइलींसाठी हे स्वतःहून करतो. जावातल्या ‘स्प्रिंग’ या तयार चौकटीच्या अलीकडच्या आवृत्त्याही फाइल ‘रिसोर्स’ म्हणून परत केली तर करतात. पण हाताने लिहिलेल्या सर्व्हलेटला रेंज ठाऊकच नसते. तो पुन्हा शून्यापासून सुरू करतो, पुन्हा ३१ ला तुटतो, आणि माणसाचा दिवसाचा डेटा संपतो. माझ्या मते सार्वजनिक कामाच्या कुठल्याही डाऊनलोडला रेंज नसणं ही सरळ हयगय आहे, मग पडदा कितीही देखणा असो.

रेंजला एक अट आहे. दुसऱ्या वेळची फाइल पहिल्या वेळचीच हवी. काही यंत्रणा पीडीएफ दर वेळी नव्याने बनवतात, त्यात बनवल्याची वेळ छापतात, आणि मग दोन्ही खेपांचे बाइट वेगळे निघतात. अर्धी पहिली आणि अर्धी दुसरी फाइल जोडली की तयार होतो तो उघडतच नाही असा कागद. डिजिटल स्वाक्षरी तर एका बाइटनेही मोडते. म्हणून सर्व्हर प्रत्येक फाइलला ‘ईटॅग’ ही खूण देतो. ब्राउझर पुढच्या खेपेला ती दाखवतो, आणि खूण जुळली नाही तर सर्व्हर मुकाट्याने सगळी फाइल पहिल्यापासून देतो. शहाणपण याच्याही अलीकडे आहे: पीडीएफ एकदाच बनवावी, एकदाच सही करावी, ठेवून द्यावी आणि तीच द्यावी.

ठेवून देण्यातही जागरूक राहावं लागतं. पत्त्यात फाइलचं नाव घेणारा सर्व्हलेट असेल तर कुणीतरी दोन टिंबं आणि तिरकी रेघ चार वेळा टाकून वरच्या फोल्डरांत शिरतो आणि पासवर्डांची फाइल मागतो. नावातून तयार झालेला मार्ग सरळ करून तो ठरवलेल्या फोल्डरच्या आतच पडतो का, हे तपासावं लागतं. नावाऐवजी क्रमांक घेतला तर दुसरी गंमत. पावतीचा क्रमांक एकाने वाढवून पाहिला की शेजाऱ्याचा कागद हाती. क्रमांकाची फाइल आहे का, एवढं विचारून भागत नाही; ती या लॉगिनवाल्याची आहे का, हेही त्याच जागी विचारायचं. हा तपास लॉगिनच्या पानावर असतो आणि डाऊनलोडच्या सर्व्हलेटमध्ये हमखास राहून जातो.

आणि मग पैशांचा प्रश्न. पंधरा रुपये घेऊन एक प्रत द्यायची असेल, तर ती दिली असं नेमकं कधी मानायचं? बटण दाबल्यावर खूण केली तर तुटलेल्या डाऊनलोडचे पैसे बुडतात. शेवटचा बाइट लिहून झाल्यावर केली तरी खात्री नाही, कारण सर्व्हलेटने लिहिलेले बाइट आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये जातात. जावाच्या लेखी काम फत्ते झालेलं असतं तेव्हा त्यातले काही अजून मुंबईतच असू शकतात. मधेच तुटलं तर टॉमकॅट ‘क्लायंट-अबॉर्ट-एक्सेप्शन’ फेकतो, तेही कधी कधी उशिरा आणि कधी कधी अजिबात नाही. लॉगमध्ये या एक्सेप्शनांचा इतका पाऊस असतो की बहुतेक ठिकाणी तो गाळूनच टाकतात. सर्व्हरला पोचपावती मिळण्याची सोय या शिरस्त्यात नाहीच. त्यामुळे ‘एक पैसा, एक डाऊनलोड’ हा हिशेब मुळातूनच चुकीचा. पैसे भरलेला कागद खातेदाराच्या यादीत राहावा, ठरावीक दिवस हवा तितक्यांदा उतरवू द्यावा, आणि सर्व्हरने फक्त कधी मागितला, कुठल्या बाइटपासून मागितला, एवढं लिहून ठेवावं. सेवा केंद्रातल्या मुलाला मग वीज आल्यावर त्याच पावतीवर पुन्हा बटण दाबता येतं.