पाण्याची वाटणी

सकाळी आठ. हॅरोमधलं आमचं १९३० च्या दशकातलं जोडघर. मागच्या बाजूला वाढवून घेतलेलं स्वयंपाकघर आणि वरची रस्त्याकडची लहान खोली, दोन्हीकडे रेडिएटर नाही. ऑक्टोबरात लंडनमधले सगळे प्लंबर एकदम दुर्मिळ होतात, त्यामुळे हा वेळेवर आला याचंच अप्रूप. आल्याआल्या त्याने पाना नाही, मोजपट्टी काढली.

नवे रेडिएटर बॉयलरला झेपतील का, हा प्रश्न सगळेच विचारतात. सासूबाईंनीही विचारला. खरं तर कॉम्बी बॉयलर घेताना हिशेब आंघोळीच्या गरम पाण्याचा असतो. म्हणून आमचा २८ किलोवॉटचा आहे. असं घर ऐन थंडीत तापवायला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी शक्तीही सहसा पुरते. अडतं ते नळीत. १५ मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीतून साधारण सहा किलोवॉट उष्णता आरामात जाते, १० मिलिमीटरच्या नळीतून बरीच कमी. म्हणून नवा फाटा कुठून काढायचा यावर सगळं अवलंबून. शेवटच्या रेडिएटरच्या बारीक शेपटाला नवा जोडून देणारा कारागीर स्वतःचे दोन तास वाचवतो, एवढंच.

दुसरी मेख कॅटलॉगमध्ये. तिथले वॉट पाणी ७५ अंशांनी आत, ६५ ने बाहेर आणि खोली २० अंशांवर असं धरून छापलेले असतात. आम्ही गॅस वाचावा म्हणून बॉयलर ५५ वर ठेवतो. त्या तापमानाला तोच रेडिएटर जेमतेम निम्मी उष्णता देतो. स्वयंपाकघराला बाराशे वॉट हवेत, म्हणून १४०० मिलिमीटर लांबीचा दुहेरी रेडिएटर मागवला. कागदावर तो चोवीसशेच्या आसपासचा आहे.

नऊ. बॉयलर बंद. दारालगतच्या सर्वांत खालच्या तोटीला होजपाइप लावून पाणी सोडलं. आधी तांबूस आलं, मग काळंभोर. त्याने थोडं बादलीत धरलं आणि बाहेरून लोहचुंबक टेकवलं. काळा गाळ सरकत सरकत त्या जागी गोळा झाला. रेडिएटरच्या आतलं पोलाद गंजून झालेलं हे लोखंडाचं ऑक्साइड. दर वेळी ताजं पाणी भरलं की त्याबरोबर ऑक्सिजन आत जातो आणि गंजाला नवं खाद्य मिळतं.

साडेदहा. वरच्या मजल्यावरच्या फळ्या उचकटल्या. नळी न्यायला तुळईला खाच पाडायची, तर तिच्या उंचीच्या एक अष्टमांशाहून खोल नाही. २०० मिलिमीटरच्या तुळईला फार तर २५. तीही भिंतीजवळच्या ठरलेल्या पट्ट्यात. पूर्वी कुणीतरी एका तुळईला जवळपास निम्म्यापर्यंत कापलेलं निघालं. शिव्या इंग्रजीत होत्या, पण सासूबाईंना नेमक्या कळल्या.

बारा. नळी वाकवणं, डाख देणं. ज्योतीमागे लाकूड जळू नये म्हणून जाड कापड.

एक. तो व्हॅनमध्ये बसून सँडविच खातो. आग्रहाला दाद देत नाही.

दोन. ब्रॅकेट, पाणसळ, आणि मोठा रेडिएटर आम्ही दोघांनी धरून चढवला. लोकांना वाटतं काम हेच. अर्ध्या तासात संपलं.

तीन. गंजरोधक घालून पाणी भरलं, काटा दीड बारवर. खालच्या मजल्यापासून किल्लीने हवा काढत वर. प्रत्येक सांध्याभोवती त्याने टिश्यूपेपर गुंडाळला. एकाला ओलसर ठिपका दिसला, पाव फेरा आवळला. मग बॉयलर चालू करून काट्यावरच नजर. दोन रेडिएटरांनी घरातलं पाणी दहाएक लिटरने वाढवलं होतं. तापून फुगलेलं पाणी बॉयलरमधल्या प्रसरण-टाकीत मावलं नाही, तर काटा तीन बारकडे जातो आणि सुरक्षा-व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकतो. आमचा दोनच्या खाली थांबला.

साडेचार. आता खरं काम. पाणी सोप्या वाटेने पळतं. बॉयलरजवळचे रेडिएटर भरपूर ओढतात, लांबचे कोमट राहतात. म्हणून प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना तापमापक लावून, येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यात सुमारे दहा अंशांचा फरक पडेपर्यंत टोपीखालचा व्हॉल्व्ह आवळायचा. एकाचा फिरवला की दुसऱ्याचा बिघडतो, पुन्हा फेरी. पुष्कळजण हे न करताच बिल देतात.

"अगं, हा नवा बसवायला आलाय की जुने बंद करायला?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, वरच्यांना थोडं कमी सोडलं तरच शेवटच्याला पोहोचेल."

श्रीरामपूरकडचं त्यांचं माहेर, प्रवरेच्या कालव्याच्या टोकाला शेत. पुढे काही सांगावं लागलं नाही. उलट, "मग त्या हॉलच्याला अजून आवळायला सांग," म्हणून मोकळ्या झाल्या.

साडेसहा. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडा, हे त्याने कागदावर लिहून बॉयलरच्या दारात चिकटवलं. दोन-चार दिवस उरलेली हवा निघत राहील, काटा एकच्या खाली गेला तर भरा, म्हणाला. नव्या दोन्ही रेडिएटरांना आपोआप कमी-जास्त होणारे व्हॉल्व्ह बसवलेत. हॉलमध्ये मात्र भिंतीवर थर्मोस्टॅट आहे, म्हणून तिथला साधाच ठेवलाय. नाहीतर हॉल तापायच्या आधीच तो बंद होईल आणि बॉयलर उगाच चालत राहील.