फर्नांडो गेला, आणि लॉस एंजेलिस का हळहळले

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच घरांत बेसबॉल शिरतो तो मुलांच्या मागोमाग. मुलगा लिटल लीगला जाऊ लागला की आई-बाबा नियम शिकतात. त्यामुळे 22 ऑक्टोबर 2024 रोजी फर्नांडो व्हॅलेन्झुएला वयाच्या 63 व्या वर्षी गेला आणि डॉजर स्टेडियमच्या दारात फुलं, मेणबत्त्या, 34 नंबरच्या जर्सी यांचा ढीग जमला, तेव्हा अनेकांना प्रश्न पडला असेल: हा कोण? ज्याची कारकीर्द 173 विजय आणि 153 पराभव अशी, जो 'हॉल ऑफ फेम'मध्येही नाही, त्याच्यासाठी आजोबांच्या वयाची माणसं का रडत होती?

त्यासाठी आधी जागेची गोष्ट सांगायला हवी. डॉजर स्टेडियम जिथे उभं आहे त्या चावेझ रविनमध्ये पूर्वी मुख्यतः मेक्सिकन कुटुंबांच्या वस्त्या होत्या. 1950 च्या सुमारास सरकारी घरं बांधायची म्हणून शहराने त्या रिकाम्या करायला घेतल्या. घरांची योजना बारगळली आणि जमीन डॉजर्सना मिळाली. जी थोडी कुटुंबं हटायला तयार नव्हती त्यांना मे 1959 मध्ये पोलिसांनी अक्षरशः उचलून बाहेर काढलं. 1962 मध्ये स्टेडियम उघडलं, पण कित्येक मेक्सिकन घरांनी तिथे पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं होतं. धरणात गाव गेलेल्या माणसाला हा राग समजावून सांगावा लागणार नाही.

आणि मग 1981 उजाडलं. फर्नांडो मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या एत्चोहुआकिला नावाच्या छोट्या खेड्यातला, बारा भावंडांत शेंडेफळ. वय 20, अंगाने गोलमटोल, इंग्रजी जवळजवळ शून्य. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात ठरलेला पिचर जखमी झाला म्हणून याला उभं केलं, तर पठ्ठ्याने ह्यूस्टनला एकही धाव करू दिली नाही! पहिले आठही सामने तो जिंकला, आणि त्यांतल्या पाचांत प्रतिस्पर्ध्यांची पाटी कोरी.

त्याचं अस्त्र होतं स्क्रूबॉल. क्रिकेटवाल्यांना सांगायचं तर हा गुगलीचा चुलतभाऊ. डावखुऱ्या पिचरचा वळणारा चेंडू एरवी उजव्या बॅट्समनकडे आत येतो. मनगट उलटं फिरवून टाकलेला हा चेंडू त्याच्यापासून दूर पळतो. हाताला हा प्रकार इतका अवघड की फार थोडे पिचर त्याच्या वाटेला जातात. फर्नांडोलासुद्धा तो मोठ्या लीगमध्ये येण्याच्या जरा आधी बॉबी कास्तियो या पिचरने शिकवला होता. शिवाय चेंडू टाकण्यापूर्वी क्षणभर डोळे आकाशाकडे लावायची त्याची लकब! शहरभर पोरं तिची नक्कल करायची.

तो खेळणार त्या दिवशी स्टेडियम भरू लागलं. ज्या घरांनी त्या टेकडीकडे पाठ फिरवली होती, त्यांतलेही अनेकजण आता आजी-आजोबांना घेऊन तिकिटाच्या रांगेत दिसू लागले. मुलाखतीत त्याचं बोलणं इंग्रजीत सांगायला स्पॅनिश समालोचक हायमे हारीन शेजारी बसायचे. भाषा येत नाही म्हणून मान खाली घालण्याची सवय झालेल्या लोकांना आपला पोरगा आपल्याच भाषेत उत्तरं देतोय आणि अख्खी अमेरिका थांबून ऐकतेय, हे दिसत होतं. माझ्या मते आकड्यांपेक्षा हेच मोठं. (आपल्या मुलांच्या शाळेत पालकसभेला जाऊन गप्प बसलेल्यांना हे लगेच पटेल.)

आकडेही काही लहान नव्हते, बरं का. त्या वर्षी उत्कृष्ट नवोदित खेळाडूचा आणि उत्कृष्ट पिचरचा साय यंग, असे दोन्ही मान त्याने मिळवले. एकाच मोसमात दोन्ही मिळवणारा आजवर तो एकटाच. वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजविरुद्ध डॉजर्स 0-2 मागे होते. तिसऱ्या सामन्यात फर्नांडोचा चेंडू नीट पडत नव्हता, मार बसत होता, तरी मॅनेजर टॉमी लासोर्डाने त्याला काढलं नाही. 147 चेंडू टाकून त्याने सामना 5-4 असा ओढून आणला. म्हणजे साडेचोवीस षटकं, एका दमात! पुढे डॉजर्सनी मालिका जिंकली.

इतक्या कामाने खांदा दुखावला आणि 1991 च्या मोसमाआधी क्लबने त्याला सोडून दिलं. हे अनेकांना फार लागलं. पण 34 नंबर पुन्हा कुणाला दिला नाही, आणि 2003 पासून फर्नांडो स्वतः डॉजर्सच्या स्पॅनिश समालोचनात परतला. 2015 मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला. ऑगस्ट 2023 मध्ये 34 नंबर रीतसर निवृत्त झाला. एरवी क्लब हा मान हॉल ऑफ फेमच्या खेळाडूंनाच देत आला होता, त्याला फक्त एक जुना अपवाद होता.

तो गेल्यावर तीनच दिवसांनी वर्ल्ड सिरीज सुरू झाली, तीही त्याच यांकीजविरुद्ध. डॉजर्सच्या बाहीवर 34 ची पट्टी होती. पाच सामन्यांत त्यांनी मालिका जिंकली. विजयाची मिरवणूक निघाली 1 नोव्हेंबरला. त्या दिवशी फर्नांडोला 64 वं वर्ष पूर्ण झालं असतं.